मागचे दिसावे म्हणून

मोटार चालविणाऱ्याला पुढचा रस्ता काचेतून दिसतो आणि मागचा आरशातून. परंतु गाडीच्या अगदी पाठीशी, बंपरला लागून, दोन-अडीच मीटरांची एक जागा अशी असते की ती काचेतही येत नाही आणि आरशातही येत नाही. तरुण चालक खांदा मागे टाकून, मान वळवून तिचा थोडाफार अंदाज घेतो. ज्याची मान वळत नाही त्याला मात्र त्या जागेपुरते केवळ विश्वासावर जावे लागते, आणि हा विश्वास नेमका कोणावर ठेवायचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

आमचे ती. आप्पा यंदा 74 वर्षांचे आहेत. जयसिंगपुरात राहतात. मानेच्या मणक्यांची झीज झाल्यामुळे त्यांना डावीकडे थोडेफार आणि उजवीकडे जवळजवळ वळताच येत नाही. तरीही 2013 सालची आमची लहान मोटार तेच चालवितात. त्यांची वाहतूक फार नाही. आठवड्यातून तीन-चार फेऱ्या. परंतु त्यांतल्या निम्म्या फेऱ्या स्वतःसाठी नसतात. मिरज हे दवाखान्यांचे गाव. गल्लीतल्या कोणाला डोळे तपासून घ्यायचे असतात, कोणाला रक्ताचा अहवाल आणायचा असतो, कोणाची मुले परगावी असतात. अशा मंडळींना आप्पा घेऊन जातात, तिथे रांगेत त्यांच्याबरोबर बसतात आणि परत आणतात. निवृत्तीनंतरची त्यांची ओळख म्हणाल तर हीच.

गेल्या दिवाळीनंतर एका सायंकाळी अंगणातून गाडी मागे घेताना त्यांच्या चाकाखाली माझ्या भाचीची तीन चाकांची सायकल आली. भाची दोन वर्षांची. ती त्या वेळी स्वयंपाकघरात आजीच्या पदराशी होती. पत्र्याचा चुरा झाल्याचा आवाज ऐकून सारे धावले, आणि सायकल पाहून कोणी काही बोलले नाही. माझ्या धाकट्या भावाने गाडीची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात घातली. आप्पांनी ती मागितली नाही. त्या दिवसापासून दोन आठवडे किल्ली खिशात आणि आप्पा खुर्चीत, असे चालले.

अशा प्रसंगांत सायकल रिकामी असण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही. अमेरिकेत 2002 साली एका बालरोगतज्ज्ञ पित्याच्या हातून घराच्या आवारात गाडी मागे घेताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा गेला. ज्याचे आयुष्य मुलांना वाचविण्यात चालले होते, त्याच्याच हातून हे घडले. बेफिकिरीचा आरोप त्याच्यावर कोण करणार? त्याला ते मूल दिसणे शक्यच नव्हते. त्या बालकाच्या नावाने तेथे 2008 साली कायदा झाला आणि 1 मे 2018 पासून तेथील सर्व नव्या मोटारींना मागे कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या मोटारींना मागे सेन्सर असतात. आमची गाडी त्या आधीची, म्हणून तिला काहीच नव्हते. बाहेरून सेन्सर बसविता आले असते, पण सेन्सर फक्त शिटी देतो. मागे कुंडी आहे की कुत्र्याचे पिल्लू, हे सांगत नाही. शिवाय वयोमानाने आप्पांना बारीक, उंच पट्टीचा आवाज नीट ऐकू येत नाही.

मी सांगलीला तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवते. त्यामुळे वाद घालण्यापूर्वी मोजून पाहावे, ही सवय. रविवारी घरी गेले. भाचीची उंची 85 सेंटिमीटर भरली. तेवढ्या उंचीची काठी वाळू भरलेल्या बादलीत उभी केली, टोकाला लाल रुमाल बांधला आणि चालकाच्या जागी स्वतः बसले. बादली बंपरपासून हळूहळू मागे नेण्यास भावाला सांगितले. सुमारे अडीच मीटर अंतरावर गेल्यावर रुमाल आरशात दिसू लागला. त्याच्या आत काठी कोठेही ठेवली तरी आरसा रिकामा. मान वळवून पाहिले तर थोडे अधिक दिसे. पण मागच्या आसनांच्या उशा आड येत. भाऊ स्वतः त्या जागी बसला, त्यालाही रुमाल दिसला नाही. तेव्हा तो प्रथमच जरा नरम झाला. हा दोष वयाचा तितका नव्हता जितका गाडीच्या घडणीचा होता.

मग मिरर डॅशकॅमचा विषय निघाला. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काचेवर मध्यभागी असणाऱ्या मूळ आरशावर रबरी पट्ट्यांनी बसविण्याचा हा एक लांबट आरसा असतो. बंद असताना तो साधा आरसा. चालू केला की त्याच्याच काचेमागून पडदा उजळतो. त्याच्या पाठीवर पुढचा रस्ता टिपणारा एक कॅमेरा असतो आणि दुसरा लहान कॅमेरा लांब तारेने गाडीच्या मागे, नंबरप्लेटच्या वर लावायचा असतो. दोन्हींचे चित्रण एका बारीक कार्डावर साठत जाते. कार्ड भरले की जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते.

भावाला ही कल्पना फार आवडली, पण वेगळ्या कारणाने. तो म्हणाला, “अक्का, बरंच झालं. आप्पा कसे चालवतात ते आता दिसेल तरी. रोजचं चित्रण मी फोनवर बघत जाईन. दोन महिने बघू आणि मग ठरवू.” पुढे त्याने पुराव्याचीही गोष्ट काढली, उद्या कोणी धडकले तर आपल्याकडे चित्रफीत असेल. त्यात तथ्य होते, जरी न्यायालयात अशी फीत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, हे मी त्याला सांगितले.

आप्पा इतका वेळ वर्तमानपत्र वाचीत होते. ते खाली ठेवून त्यांनी एवढेच विचारले, “हे यंत्र मला दाखवायला बसवताय, की माझं बघायला?”

घरात कोणाकडेच याचे तयार उत्तर नव्हते. भावाची काळजी खोटी नव्हती. त्याची मुलगी त्याच अंगणात खेळते. आणि आप्पांचा प्रश्नही अहंकाराचा नव्हता. पंचावन्न वर्षांनंतर वाहनाचा परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या परीक्षेला ते नेहमी स्वतःहून गेले आहेत. परीक्षा द्यायला त्यांची ना नव्हती. मुलाने रोज रात्री फोनवर आपली परीक्षा घ्यावी, ही गोष्ट वेगळी. मला वाटते, वडीलधाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी घरोघर जे कॅमेरे आज बसत आहेत, त्यांतल्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारायला हवा. बहुतेक ठिकाणी तो मनातच राहतो.

मी म्हटले, उत्तर तारांवर अवलंबून आहे. आणि ते खरेच होते. कोणती तार जोडायची आणि कोणती सोडायची, यावरच ते यंत्र कोणाचे होणार हे ठरत होते.

गावातल्या एका तरुण वायरमनला मदतीला घेतले. त्याचा हात सफाईदार; मात्र तो प्रथम मूळ तार सोलून तिलाच पीळ देऊन टेप गुंडाळू म्हणाला. पुष्कळ ठिकाणी असेच करतात आणि पुढे कधीतरी त्याच सांध्यात गंज धरतो किंवा ठिणगी पडते. आम्ही तसे केले नाही. चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली फ्यूजची पेटी असते. टेस्ट लॅम्प लावून, किल्ली फिरविल्यावरच ज्यात वीज येते असा सिगारेट लायटरचा फ्यूज शोधला. तो काढून त्या जागी फ्यूज-टॅप बसविला. या लहानशा खोबणीत मूळ फ्यूजही राहतो आणि नव्या तारेसाठी दुसरा, कमी क्षमतेचा फ्यूजही बसतो. गाडीची एकही तार कापावी लागत नाही. यंत्राला लागणारी वीज अशी किती? बारा व्होल्टवर एक अँपिअरच्याही आत. काळी तार बॉडीच्या धातूला, रंग नसलेल्या बोल्टखाली, घट्ट आवळली. अर्थ ढिली राहिली तर चित्र थरथरते आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

यंत्राच्या संचात लाल आणि काळ्या तारांखेरीज एक पिवळी तार होती. ती बॅटरीच्या कायम प्रवाहाला जोडली की गाडी उभी असतानाही कॅमेरे जागे राहतात. भावाला ती जोडलेली हवी होती. मी आकडे मांडले. आमची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. उभ्या गाडीत यंत्राने पाव अँपिअर घेतला, तर दोन दिवसांत 12 अँपिअर-तास गेले, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. गाडी दोन-दोन दिवस जागची हलत नाही. व्होल्टेज उतरले की प्रवाह तोडणारी सोय त्यात होती. तरी जुन्या बॅटरीला रोजचा हा ताण कशाला? आकड्यांपलीकडचे कारणही मी बोलून दाखविले. गाडी गल्लीत उभी असते. समोर दोन घरांची दारे. त्यांच्याकडे कोण येते, कोण जाते, हे रात्रभर टिपीत बसण्याचा आपल्याला काय अधिकार? पिवळ्या तारेचे टोक वेगळे टेप लावून बंद केले आणि बांधून ठेवले.

मागच्या कॅमेऱ्याची तार नेण्यात दुपार गेली. ही तार बाजूच्या खांबातून न्यायची असेल तर त्यात पडदा-एअरबॅग आहे की नाही, हे आधी पाहावे. असल्यास तार तिच्या पुढून कधीही नेऊ नये. एअरबॅग फुगताना तीच तार तिला अडवील. आमच्या गाडीत ती नाही. छताच्या अस्तराची कड बोटाने हलकेच सोडवीत, दारांच्या रबराखालून तार मागे आणली. डिकीचे दार आणि छत यांना जोडणारी एक रबरी नळी असते. तिच्यातून नवी तार ओवणे हे या कामातले खरे कसब. वायरमनने कडक तार आधी घालून तिच्या टोकाला कॅमेऱ्याची तार बांधली, रबराला किंचित साबणाचे पाणी लावले आणि पाच मिनिटांत ओढून घेतली. दार पूर्ण उघडल्यावर ताण पडू नये इतका झोल ठेवला. बाहेर कॅमेऱ्यापाशीही तार थोडी खाली लोंबती ठेवली, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून खाली पडते, आत शिरत नाही.

या तारेच्या टोकाजवळ एक एकटीच लाल तार फुटलेली असते. घाईत बसविणारे ती तशीच गुंडाळून ठेवतात, कारण ती न जोडताही पडद्यावर चित्र येते. परंतु संपूर्ण यंत्रात आप्पांच्या उपयोगाची तार हीच. ती मागच्या पांढऱ्या दिव्याला जोडायची. रिव्हर्स गिअर टाकला की तो दिवा लागतो. त्याच क्षणी या तारेत वीज येते आणि चालकाने कशालाही हात न लावता पडदा आपोआप मागचे चित्र, अंतराच्या रेषांसह, पूर्ण आकारात दाखवितो. चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरविली, गिअर मागे टाकला आणि टेस्ट लॅम्पने त्या दिव्याची योग्य तार शोधली. सांधा डाग देऊन पक्का केला. कॅमेरा एवढा खाली वाकविला की चित्राच्या तळाशी बंपरची कड दिसावी. ती दिसली नाही तर अंतर कोठून मोजायचे, हेच कळत नाही.

पहिल्या चाचणीत भाऊ गाडीच्या मागे डाव्या अंगाला उभा होता आणि पडद्यावर मात्र उजवीकडे दिसत होता. आरशात डावे डावीकडेच दिसते. कॅमेरा मात्र समोरासमोर उभ्या माणसाप्रमाणे पाहतो. ही डावी-उजवी पलटविण्याची सोय यंत्राच्या मांडणीत असते आणि ती करून घेतल्यावाचून गाडी हलवू नये. बादलीतली काठी पुन्हा मांडली. लाल रुमाल बंपरपासून हातभर अंतरावर असतानाही पडद्यावर ठळक दिसला. आईने तो पाहिला आणि काही न बोलता आत जाऊन भाचीला घेऊन आली, तिलाही दाखविले.

आता आप्पा बसले. गिअर टाकला, पडदा उजळला. ते म्हणाले, “काहीतरी लाल आहे खरं. पण अंधुक आहे.”

पडदा स्वच्छ होता. कारण डोळ्यांत आणि आरशाच्या स्वभावात होते. साध्या आरशातली मोटार खरोखरच तितकी दूर असल्यासारखी दिसते. दहा मीटर मागची गाडी पाहताना डोळा दहा मीटरांहून दूर पाहत असतो. पडद्यावरचे चित्र मात्र डोळ्यांपासून दोन-सव्वादोन फुटांवर, पडद्याच्याच पृष्ठभागावर असते. तरुण डोळा क्षणात दूरचे सोडून जवळचे पाहू शकतो. चाळिशी लागलेल्या डोळ्याला त्यासाठी चष्म्याचा खालचा भाग लागतो, आणि आरसा तर वर टांगलेला! खालच्या काचेतून वरचे पाहायचे तर हनुवटी उचलावी लागते, आणि आप्पांची मान ते करू देत नाही. ज्या मानेसाठी हे सारे योजिले, तीच आडवी आली.

म्हणून वाचकांपैकी जे आपल्या आईवडिलांसाठी असे काही घेण्याच्या विचारात असतील, त्यांना एक बिनखर्चाची चाचणी सुचविते. त्यांना चालकाच्या जागी त्यांच्या नेहमीच्या चष्म्यासह बसवा, मोबाइलवर एखादे छायाचित्र लावून तो मूळ आरशाच्या जागी धरा आणि मान न उचलता काय दिसते ते विचारा. नीट दिसत नसेल तर डॅशबोर्डवर खालच्या बाजूला बसणारा वेगळा पडदा त्यांना अधिक सोयीचा पडेल. जाहिरातींत आरशाच्या रुंदीचे इंच मोजलेले असतात; पाहणाऱ्याच्या वयाचा उल्लेख कोठेही नसतो.

आम्ही यंत्र बदलले नाही. त्याची कामे वाटून दिली. रस्त्यावर असताना पडदा बंद, म्हणजे आप्पांना पन्नास वर्षांच्या सवयीचा आरसाच दिसतो. रिव्हर्स टाकला की पडदा उजळतो. त्या वेळी गाडी थांबलेली असते, घाई नसते, आणि मागे काही आहे की नाही एवढेच पाहायचे असते. रुमालाचा रंग, काठीचे हलणे, भाची एवढा ठिपका हे त्या अंधुकातही निश्चित कळते. अक्षरे वाचायची नाहीत. काही हालले की थांबायचे आणि उतरून पाहायचे. पाहून चालावे, हा आमच्या घरातला जुना दंडक. पावसाळ्यात तर आप्पा गाडीखाली बॅटरीचा झोत टाकून गोगलगाई आणि बेडूक बघितल्याशिवाय किल्ली फिरवीत नसत. सायकल चिरडली त्या सायंकाळी मिरजेहून कोणा शेजाऱ्याचा फोन आला होता आणि ते घाईत होते, हे त्यांनी मला या कामाच्या दिवशी प्रथमच सांगितले.

यंत्राचा ध्वनिग्रहणाचा भाग मी त्यांच्यासमोर बंद केला. मिरजेच्या वाटेवर त्यांच्या शेजारी बसून माणसे जे बोलतात ते आजाराचे, कर्जाचे, मुलांच्या तुटकपणाचे असते. ते गाडीतच राहावे. फोनला चित्र पाठविण्याची सोयही बंद केली. कार्ड आप्पांच्या ताब्यात राहील, हे भावाने मान्य केले. आनंदाने नव्हे, पण केले. त्याने खिशातून किल्ली काढून खुंटीला अडकविली. एक अट मात्र घातली, आणि ती मला योग्य वाटली. गाडी अंगणातून निघताना भाची कोणाच्या तरी कडेवर असली पाहिजे आणि आप्पांनी तिला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिअर टाकू नये. कॅमेऱ्यावर त्याचा विश्वास आहे. पण मुलगी कडेवर असलेली त्याला अधिक बरी वाटते.

यानंतर तीन महिने त्या कार्डाचे नाव कोणी काढले नाही. मध्यंतरी मी एकदा गेले असता आप्पांनी चष्म्याच्या डबीतून ते बारीक कार्ड काढले आणि माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, “शनिवारचं बघायचंय. तुझ्या लॅपटॉपवर मोठं दिसेल ना?”

आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. अंकलीचा पूल मागे पडला, मिरजेकडचे वळण आले. सायंकाळचे ऊन समोरच्या वाहनांच्या काचांवर होते. डावीकडून एक मोटारसायकल आली आणि अचानक थबकली.

“इथं थांब,” आप्पा म्हणाले. “परत लाव.”

तीनदा लावले. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मान न उचलता दिसेल असा होता. त्यांना सारे स्पष्ट दिसत होते.

“मला ती दिसली नव्हती. ती आपणहून थांबली.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “चार वाजल्यानंतरची मिरज आता माझ्याकडे नको. सकाळची आहे. त्याला सांग, पण मी सांगितलं म्हणून सांग.”

मी भावाला तसेच सांगितले. कार्ड आप्पांनी पुन्हा चष्म्याच्या डबीत ठेवले होते.